पाच कोर्स, तीन हजार वर्षं

विस्कॉन्सिन राज्याची राजधानी मॅडिसन दोन मोठ्या तळ्यांमधल्या चिंचोळ्या पट्टीवर वसली आहे. त्यातल्या मेंडोटा तळ्याच्या काठी, जेम्स मॅडिसन पार्क नावाच्या बागेत, वालुकाश्माची एक छोटेखानी वास्तू उभी आहे. तिचं नाव 'गेट्स ऑफ हेवन'. अमेरिकेत यादवी युद्ध पेटलेलं असताना, १८६३ साली, जर्मनीतून आलेल्या मूठभर ज्यू कुटुंबांनी हे सिनेगॉग बांधलं. पुढे ती मंडळी पांगली आणि इमारत भाड्याने जाऊ लागली. कधी तिथे गोदाम होतं, तर कधी दातांचा दवाखाना. १९७० च्या सुमारास ती पाडायची ठरली, तेव्हा गावकऱ्यांनी पैसे जमवले. १९७१ मध्ये अख्खी इमारत चाकांवर चढवून रस्त्यांतून हळूहळू ओढत तळ्याकाठी आणली. आज ती शहराच्या मालकीची आहे. तिथे लग्नं लागतात, मैफली होतात आणि ज्यू सणांना प्रार्थनाही होते.

तिथून तळ्याच्या कडेकडेने चालत गेलं की युनिव्हर्सिटी ऑफ विस्कॉन्सिनचा परिसर लागतो. या सरकारी विद्यापीठात रसायनशास्त्र, नर्सिंग, पत्रकारिता किंवा कॉम्प्युटर सायन्स शिकणारा कुठलाही विद्यार्थी पदवीच्या जोडीला ज्यूइश स्टडीजचं सर्टिफिकेट घेऊ शकतो. त्याचा धर्म कोणी विचारत नाही. हिब्रूचं एक अक्षरही येत नसलं तरी चालतं.

'पदवीच्या शेजारचं शिक्षण' हा यंदाच्या अंकाचा विषय. त्यासाठी जगभरातल्या अनेक आडवाटांमधून हीच वाट निवडायला एक खास कारण आहे. ती बर्लिन, कैरो आणि मंगळूर अशी फिरत शेवटी अलिबागच्या किनाऱ्याला लागते, आणि तिथे पोचल्यावर मराठी आल्यावाचून पुढे सरकता येत नाही.

शेजारचा विषय

आधी एक गोंधळ दूर करायला हवा. आपल्याकडे नव्या शैक्षणिक धोरणानुसार पदवीचं शिक्षण एका वर्षानंतर सोडणाऱ्याला 'सर्टिफिकेट' मिळतं. मॅडिसनमधलं सर्टिफिकेट त्यातलं नाही. इतर अमेरिकन विद्यापीठं ज्याला 'मायनर' म्हणतात, त्यालाच इथे हे नाव आहे. विद्यार्थी चार वर्षांची पदवी पूर्ण करतोच. त्याच काळात तो एका दुसऱ्या विषयाचे काही ठरावीक कोर्स करतो आणि पदवीबरोबरच्या गुणपत्रकात त्याची नोंद होते. ड्यूक, पिट्सबर्ग अशा इतर विद्यापीठांनीही ज्यूइश स्टडीजसाठी सर्टिफिकेटची ही चौकट वापरली आहे.

तपशील जागोजागी वेगळे, पण घडण साधारण सारखीच. पाच-सहा कोर्स, त्यातला एखादा विषयाची ओळख करून देणारा, बाकीचे वरच्या पातळीचे. ते एकाच खात्याचे नसतात, आणि हीच त्यातली गंमत. बायबलचा कोर्स एका विभागाचा, पूर्व युरोपातल्या यिडिश कादंबऱ्यांचा दुसऱ्याचा, नाझी राजवटीचा इतिहास विभागाचा, अमेरिकन ज्यू विनोदाचा आणखी कोणाचा. त्यामुळे विद्यार्थ्याला सल्लागाराशी बसून स्वतःचा रस्ता आखावा लागतो. एखादा सगळा भर विसाव्या शतकावर देतो. दुसरा हिब्रूच्या नादी लागतो, आणि मग पाच कोर्सांचा हिशेब केव्हाच मागे पडतो, कारण भाषा सत्रामागून सत्र वेळ मागते.

वर्गात ज्यू घरातली मुलं असतात. रविवारच्या धार्मिक शाळेत पाठ केलेल्या प्रार्थना त्यांना येतात, पण त्या कोणत्या शतकात, कोणत्या वादातून आल्या हे बहुतेकांनी कधी विचारलेलं नसतं. खेड्यापाड्यातल्या ख्रिस्ती घरांतली मुलंही असतात. जुना करार लहानपणापासून ऐकलेला असतो, पण ज्यू लोक तोच ग्रंथ वेगळ्या क्रमाने लावतात आणि वेगळ्या भाष्यांसह वाचतात हे त्यांना पहिल्यांदाच कळतं. शिवाय दोघांशीही संबंध नसलेली मुलं असतात. वेळापत्रकात तास बसला म्हणून आलेली, आणि मग राहिलेली. शिक्षकाला एकाच वाक्यात या तिघांशी बोलावं लागतं. श्रद्धा असलेल्याला दुखवायचं नाही आणि नसलेल्याला परकं वाटू द्यायचं नाही. ही कसरत नाही, शिस्त आहे. ग्रंथ कोणी लिहिला, कोणासाठी लिहिला आणि कोणी जपला हे विचारायचं. तो खरा की खोटा याचा निवाडा वर्गाबाहेर ज्याचा त्याने करायचा.

एक वस्त्र, दोन हात

या सर्टिफिकेटमध्ये नेमकं काय शिकतात, हे समजायला तालमुदचं एक पान पुरेसं आहे.

तालमुद म्हणजे ज्यू धर्मशास्त्रातल्या वादचर्चांचा अवाढव्य संग्रह. मूळ मिश्ना इसवी सन २०० च्या सुमारास पॅलेस्टाइनमध्ये सिद्ध झाली, आणि तिच्यावरची गेमारा नावाची चर्चा पुढच्या काही शतकांत बॅबिलोनियात वाढत गेली. छापील पानात मधोमध हा मजकूर ठळक टायपात असतो. पुस्तकाच्या शिवणीकडच्या समासात अकराव्या शतकातल्या फ्रान्समधल्या राशी यांची टीका, बाहेरच्या समासात त्यांच्या नातवंडांच्या आणि शिष्यांच्या पिढ्यांनी राशींवर काढलेल्या शंका. त्याच्याही कडेला संदर्भ, दुरुस्त्या, आणखी टीपा. आपल्या पंचपाठी पोथ्यांमध्ये मूळ श्लोक मध्ये आणि टीका चारी बाजूंनी लिहिलेली असते. तशी पोथी पाहिलेल्या मराठी वाचकाला हे पान परकं वाटणार नाही. हजार वर्षांच्या अंतराने जगलेली माणसं एकाच पानावर एकमेकांशी भांडत असतात.

छपाईत ही मांडणी पक्की केली ती व्हेनिसमधल्या डॅनिएल बॉम्बर्गने. तो ख्रिस्ती होता, मूळचा अँटवर्पचा. १५२० ते १५२३ या काळात त्याने पहिला संपूर्ण तालमुद छापून काढला. त्याने ठरवलेले पृष्ठांक आजही जगभर तसेच चालतात. त्या आवृत्तीचा एक उत्तम संच लंडनच्या वेस्टमिन्स्टर अॅबीत शतकानुशतकं पडून होता. एका ज्यू संग्राहकाने अॅबीला तिच्याच इतिहासाची एक जुनी सनद मिळवून दिली आणि बदल्यात तो संच मिळवला. २०१५ च्या डिसेंबरात न्यूयॉर्कच्या लिलावात त्याला ९३ लाख डॉलर आले.

पण वर्गात किमतीची नाही, मजकुराची चर्चा होते. नवशिक्यांसमोर हमखास ठेवलं जाणारं प्रकरण असं. दोन माणसं एकच वस्त्र धरून न्यायासनासमोर आली आहेत. दोघंही म्हणतात, ते मला सापडलं, सगळं माझं. पुरावा नाही. निवाडा असा की दोघांनी शपथ घ्यावी आणि निम्मं निम्मं वाटून घ्यावं. इथवर कोणालाही पटतं. पुढचं प्रकरण विद्यार्थ्यांना थांबवतं. एक म्हणतो सगळं माझं, दुसरा म्हणतो अर्धं माझं. अशा वेळी पहिल्याला पाऊण आणि दुसऱ्याला पाव.

का? बहुतेकांचं पहिलं उत्तर दोनास एक या प्रमाणात येतं. पण तालमुदचा तर्क वेगळा आहे. दुसऱ्याने अर्धं वस्त्र न मागून पहिल्याला देऊनच टाकलं आहे. त्या अर्ध्याबद्दल वाद उरला नाही. वाद फक्त उरलेल्या अर्ध्याचा, तो समान वाटायचा. म्हणून पाऊण आणि पाव.

आता दुसऱ्या भागातलं एक प्रकरण शिक्षक पुढे सरकवतात. एक माणूस तीन बायका मागे ठेवून मरतो. विवाहकरारानुसार एकीला १००, दुसरीला २०० आणि तिसरीला ३०० झुझ नाणी द्यायची आहेत, पण इस्टेट तेवढी नाही. इस्टेट १०० असेल तर तिघींना समान. ३०० असेल तर ५०, १०० आणि १५०, म्हणजे मागणीच्या प्रमाणात. आणि २०० असेल तर ५०, ७५ आणि ७५. हे तिसरं उत्तर कोणत्याच नियमात बसेना. भाष्यकारांनी शतकानुशतकं त्यावर डोकं खाजवलं.

१९८५ साली जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठातले रॉबर्ट ऑमान आणि मायकल मॅश्लर या दोन गणितज्ञांनी दाखवून दिलं की तिन्ही उत्तरांत तोच वस्त्राचा नियम आहे. कुठल्याही दोघी घ्या, त्या दोघींच्या वाट्याला मिळून आलेली रक्कम पाहा, आणि ती वस्त्रासारखी वाटा. २०० च्या इस्टेटीत पहिलीला ५० आणि दुसरीला ७५, मिळून १२५. पहिलीची मागणी १०० चीच, म्हणजे वरचे २५ तिने सोडले, ते दुसरीचे. उरलेल्या १०० वर दोघींचाही दावा, तो ५०-५०. पहिलीला ५०, दुसरीला ७५. बरोबर जुळतं. ऑमान यांना २००५ साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. त्यांचा तो लेख अर्थशास्त्राच्या नियतकालिकात छापून आला होता, आणि दिवाळखोरीतली मालमत्ता कशी वाटावी याचा विचार करणारे आजही तो वाचतात. गणित शिकणारा मुलगा ज्यूइश स्टडीजच्या वर्गात का बसतो, याचं याहून चांगलं उत्तर सापडणं कठीण.

हे वाचन बहुधा जोडीने होतं. 'खवरूता' ही त्याची जुनी पद्धत. दोघं समोरासमोर बसतात, मजकूर मोठ्याने वाचतात आणि प्रत्येक वाक्याला एकमेकांना अडवतात. येशिवा नावाच्या धार्मिक पाठशाळांमध्ये तिचा गलबला दिवसभर चालतो. विद्यापीठाच्या वर्गात आवाज कमी, पण रीत तीच. 'हे पटत नाही' असं म्हणता आल्याशिवाय मजकूर समजला असं इथे धरत नाहीत.

बर्लिनहून मॅडिसनला

धर्मग्रंथांचा अभ्यास ज्यू समाजात प्राचीन काळापासून चालत आला. पण ज्यू लोकांचा इतिहास, भाषा आणि साहित्य हा इतर कोणत्याही विषयासारखा विद्यापीठात अभ्यासायचा, ही कल्पना एकोणिसाव्या शतकातली. १८१९ साली बर्लिनमध्ये काही तरुणांनी त्यासाठी मंडळ स्थापन केलं. भाषाशास्त्रज्ञ लेओपोल्ड त्सुंझ आणि कायदेपंडित एदुआर्द गान्स त्यात होते. पुढे कवी म्हणून गाजलेला हाइनरिख हाइनं काही काळ त्यांच्यात वावरला. जर्मन विद्यापीठांनी मात्र त्यांना दारं उघडली नाहीत. ज्यू राहून प्राध्यापक होता येत नव्हतं. १८२५ मध्ये गान्स ख्रिस्ती झाला आणि त्याला प्राध्यापकी मिळाली. त्याच वर्षी हाइनंनेही बाप्तिस्मा घेतला. त्सुंझ ज्यूच राहिला आणि विद्यापीठाबाहेरच आयुष्यभर काम करत राहिला.

या इतिहासाचा एक धागा थेट मॅडिसनमध्ये येऊन मिळतो. तिथल्या ज्यूइश स्टडीज केंद्राच्या नावात जॉर्ज मॉस हे नाव आहे. मॉस १९१८ मध्ये बर्लिनमध्ये जन्मले. त्यांच्या आजोबांनी 'बर्लिनर टागेब्लाट' हे नामांकित दैनिक काढलं होतं आणि घराणं अत्यंत श्रीमंत होतं. १९३३ साली हिटलर सत्तेवर आला तेव्हा हा चौदा वर्षांचा मुलगा कॉन्स्टन्स तळ्यावरच्या फेरीबोटीने स्वित्झर्लंडला निसटला. मग इंग्लंडमधली क्वेकर शाळा, केंब्रिज, अमेरिका. १९५५ मध्ये ते मॅडिसनला आले आणि निवृत्तीपर्यंत तिथेच शिकवत राहिले. फॅसिझम ही काही वेड्यांची करणी नसून सुशिक्षित मध्यमवर्गाच्या रोजच्या कल्पनांमधून, सभ्यतेच्या आणि पुरुषार्थाच्या कल्पनांमधून ती वाढली, हे त्यांनी पुस्तकांमागून पुस्तकांत दाखवलं. त्यांच्या व्याख्यानांना सभागृहं भरून जात.

त्याच १९५५ साली मॅडिसनमध्ये हिब्रू आणि सेमिटिक भाषांचा विभागही सुरू झाला. ज्यूइश स्टडीजचं केंद्र मात्र १९९१ मध्ये उभं राहिलं. बर्लिनची भिंत पडल्यावर मॉस कुटुंबाची नाझींनी बळकावलेली मालमत्ता परत मिळाली. १९९९ मध्ये मॉस वारले तेव्हा त्यांनी त्यातला मोठा वाटा मॅडिसनच्या विद्यापीठाला ठेवला होता. विस्कॉन्सिन आणि जेरुसलेम यांच्यात विद्यार्थ्यांची देवाणघेवाण त्यातून चालते. ज्या देशातल्या विद्यापीठांनी ज्यू अभ्यासकांना दार लावून घेतलं, तिथल्या लुटलेल्या संपत्तीतून दूरच्या तळ्याकाठी हा विषय शिकवला जातो. कोणत्याही प्रवेश-पुस्तिकेत हे इतक्या स्पष्ट शब्दांत लिहिलेलं नसतं, पण विद्यार्थ्याला ते माहीत असावं.

फक्त रडण्याचा इतिहास नाही

अमेरिकन विद्यापीठांचंही हिब्रूशी जुनं आणि गुंतागुंतीचं नातं. हार्वर्डमध्ये सुरुवातीपासून हिब्रू शिकवत, कारण ती बायबलची भाषा. पण ज्यूडा मोनिस या ज्यू विद्वानाला तिथे शिकवायला घेतलं ते १७२२ मध्ये त्याने ख्रिस्ती धर्म स्वीकारल्यावरच. दोनशे वर्षांनी त्याच विद्यापीठाच्या अध्यक्षांनी ज्यू विद्यार्थ्यांची संख्या मर्यादित ठेवण्याचा प्रयत्न केला. आणि त्याच दशकात, १९२५ साली, तिथेच हॅरी वुल्फसन यांच्यासाठी हिब्रू साहित्य आणि तत्त्वज्ञानाचं अध्यासन निर्माण झालं.

कोलंबियात त्यापाठोपाठ सालो बॅरन आले. मूळचे पोलंडमधल्या टार्नूव्हचे. १९२८ मध्येच त्यांनी लिहिलं होतं की ज्यू इतिहास हा केवळ छळाचा आणि अश्रूंचा इतिहास म्हणून सांगणं चुकीचं आहे. माणसं त्या शतकांत व्यापार करत होती, कविता लिहीत होती, भांडत होती, पंचायती चालवत होती, शेजाऱ्यांकडून शिकत होती. पुढे नाझींनी बॅरन यांच्या आईवडिलांना आणि बहिणीला मारलं. १९६१ साली जेरुसलेममध्ये नाझी अधिकारी आइखमनवर खटला चालला तेव्हा नष्ट झालेल्या युरोपीय ज्यू जीवनाबद्दल साक्ष द्यायला त्यांनाच बोलावलं गेलं. तरी त्यांनी आपलं म्हणणं सोडलं नाही.

सर्टिफिकेटच्या रचनेमागे आजही हाच विचार दिसतो. होलोकॉस्टचा कोर्स सगळ्यांत भरतो. तो आवश्यकच आहे. पण त्याच एका कोर्सवर थांबणाऱ्या विद्यार्थ्याला साठ लाख माणसं फक्त मरताना दिसतात. विल्नाची छापखान्यांची गल्ली, सालोनिकाच्या बंदरावरचे ज्यू हमाल, बगदादचे व्यापारी, न्यूयॉर्कच्या शिवणकारखान्यांतल्या संप करणाऱ्या मुली, हे सगळं दिसायला उरलेले कोर्स लागतात. मॅडिसनमध्ये यिडिश गाण्यांच्या जुन्या तबकड्यांचा हजारोंचा संग्रह आहे. लग्नातली गाणी, नाटकातली पदं, फेरीवाल्यांच्या नकला त्यात ऐकायला मिळतात. मारल्या गेलेल्या माणसांनी कशावर ठेका धरला होता, हे कळल्याशिवाय काय गेलं याचा अंदाज येत नाही.

वर्गाबाहेरचा गलका

१९६९ मध्ये अमेरिकेत ज्यूइश स्टडीजच्या प्राध्यापकांची संघटना स्थापन झाली. कृष्णवर्णीयांचा इतिहास शिकवा म्हणून विद्यार्थी विद्यापीठं दणाणून सोडत होते, तोच हा काळ. १९६७ च्या अरब-इस्रायल युद्धानंतर अमेरिकन ज्यू समाजात आपल्या ओळखीविषयीची आस्था वाढली होती. देणगीदार पुढे आले आणि अध्यासनं निघाली. देणग्यांवर उभ्या राहिलेल्या विषयाला त्यांचा ताणही सोसावा लागतो. २०२२ मध्ये सिअॅटलच्या युनिव्हर्सिटी ऑफ वॉशिंग्टनने इस्रायल अभ्यासासाठी मिळालेले ५० लाख डॉलर देणगीदाराला परत केले. ते अध्यासन सांभाळणाऱ्या प्राध्यापिकेने इस्रायल सरकारवर टीका करणाऱ्या पत्रकावर सही केली होती. देशभरच्या अभ्यासकांनी त्याविरुद्ध आवाज उठवला.

ऑक्टोबर २०२३ मधला हमासचा हल्ला आणि त्यानंतरचं गाझामधलं युद्ध यांनी हा ताण टोकाला नेला. २०२४ च्या वसंतात कोलंबियापासून मॅडिसनच्या लायब्ररी मॉलपर्यंत निदर्शकांचे तंबू पडले. अशा दिवसांत ज्यूइश स्टडीजच्या वर्गात दोन्ही बाजूंची मुलं येऊन बसतात. पॅलेस्टाइनचा इतिहास, झायोनिझमचे परस्परविरोधी प्रवाह आणि ज्यूंमधलेच झायोनिझमचे विरोधक शिकवणारे शिक्षक तेव्हा घोषणांच्या मधोमध दस्तऐवज ठेवतात. हे काम फार मोलाचं आहे, आणि त्याला मिळायला हवा तितका आधार अनेक ठिकाणी मिळत नाही.

कैरोतली खोली, मंगळूरचा व्यापारी

या विषयातलं सगळ्यांत थरारक दालन मात्र युद्धाचं नाही, रद्दीचं आहे. देवाचं नाव लिहिलेला कागद ज्यू परंपरेत फेकत नाहीत. जुन्या कैरोमधल्या बेन एझ्रा सिनेगॉगच्या एका कोंदट खोलीत असे कागद शतकानुशतकं साठत गेले. देवाचं नाव असो वा नसो, हिब्रू अक्षरातलं काहीही तिथे टाकत. १८९६ साली अॅग्नेस लुइस आणि मार्गारेट गिब्सन या स्कॉटिश जुळ्या बहिणींनी मध्यपूर्वेतून आणलेलं एक पान केंब्रिजच्या सॉलोमन शेक्टर यांनी ओळखलं. ते कैरोला धावले आणि सुमारे १,९३,००० तुकडे घेऊन परतले. त्यात प्रार्थना होत्या, तशाच हुंड्याच्या याद्या, घटस्फोट, मुलांच्या अक्षरगिरवणीच्या वह्या आणि व्यापाऱ्यांची पत्रंही.

ती पत्रं बहुतेक अरबी भाषेत, पण हिब्रू लिपीत. इतिहासकार श्लोमो गॉयटाइन यांनी आयुष्याचा मोठा भाग ती वाचण्यात घालवला, आणि त्यांतून भारताशी चालणारा व्यापार उजेडात आला. अब्राहम बेन यिजू हा ट्युनिशियातला व्यापारी ११३२ च्या सुमारास मंगळूरला येऊन राहिला. त्याचा पितळेच्या भांड्यांचा कारखाना होता. अशू नावाच्या दासीला त्याने मुक्त केलं, त्याचा दस्त उपलब्ध आहे. तिच्यापासून त्याला मुलं झाली. एडनमधले मित्र त्याला मिरी, सुपारी आणि लोखंडाचे हिशेब विचारत, आणि भेट म्हणून कागद पाठवत. कागद इतका मोलाचा की बेन यिजू आलेल्या पत्राच्या कोऱ्या जागेत आपली टिपणं लिही. अमिताव घोष यांच्या 'इन अॅन अँटिक लँड'ने त्याला इंग्रजी वाचकांपर्यंत पोचवलं. आता प्रिन्स्टनच्या प्रकल्पामुळे हे तुकडे पडद्यावर वाचता येतात, आणि पदवीचा विद्यार्थीही एखाद्या तुकड्यावर निबंध लिहू शकतो.

बाराव्या शतकातलाच आणखी एक दुवा. कैरोतले थोर धर्मशास्त्री मायमोनिडीझ यांचा धाकटा भाऊ डेव्हिड व्यापारासाठी निघाला आणि हिंदी महासागरात बुडाला. त्या दुःखाने मायमोनिडीझ वर्षभर अंथरुणाला खिळले. त्यांनीच एका पत्रात भारतातल्या ज्यूंचा उल्लेख केला आहे. या लोकांना धर्मशास्त्र फारसं ठाऊक नाही, पण ते शब्बाथ पाळतात आणि मुलाची सुंता आठव्या दिवशी करतात. हे लोक कोकणातले असावेत असं अनेकांना वाटतं.

शनवार तेल्यांची मराठी

जहाज फुटलं, सात स्त्रिया आणि सात पुरुष नवगावच्या किनाऱ्याला लागले, बाकीच्यांना तिथेच पुरलं, ही कोकणातल्या ज्यूंची, म्हणजे बेने इस्रायलींची, परंपरागत कथा. अलिबागच्या आसपासच्या गावांत ते तेलघाणे चालवत आणि शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून त्यांना शनवार तेली म्हणत. किहीमचे ते किहीमकर, अष्टमीचे अष्टमकर, राजपूरचे राजपूरकर, दिव्याचे दिवेकर. ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेत असलेल्या सॅम्युएल एझेकिएल दिवेकरांनी टिपूच्या कैदेतून सुटून आल्यावर १७९६ मध्ये मुंबईत मांडवीला सिनेगॉग बांधलं. लोक त्याला जुनी मशीद म्हणत.

इथून पुढे हा विषय मराठीचा होतो. १८३२ मध्ये मिशनरी जॉन विल्सन यांनी बेने इस्रायलींसाठी हिब्रू व्याकरण मराठीतून छापलं. १८४६ मध्ये मुंबईत पेसाखची हगादा, म्हणजे इजिप्तमधून झालेल्या सुटकेच्या सणाच्या रात्री घरोघर वाचायची पोथी, मराठी अर्थासह शिळाछापावर निघाली. १८७४ मध्ये पुण्यात दुसरी निघाली. तिच्यातल्या चित्रांत लुगडी नेसलेल्या बायका जमिनीवर बसून बेखमीर भाकरी लाटताना आणि भाजताना दिसतात. जोसेफ एझेकिएल राजपूरकरांनी प्रार्थनापुस्तकं मराठीत आणली, आणि मुंबई विद्यापीठात ते हिब्रूचे परीक्षक होते. १८८० पासून बेने इस्रायली कीर्तनकार पेटी घेऊन उभे राहू लागले. आख्यानाला योसेफ आणि त्याचे भाऊ असत, चाल मात्र इथल्याच मातीतली.

मलिद्याचा विधी पाहिला की हे सगळं एकत्र दिसतं. भिजवलेले पोहे, खोबरं, साखर, वेलची आणि वर फळं असं ताट मांडून एलियाहू हनाबी या संदेष्ट्याची स्तुती गातात. नवस फेडताना, लग्नाआधी, नव्या घरात गेल्यावर. अलिबागजवळच्या खंडाळ्यात एका खडकावर एलियाहूच्या रथाच्या खुणा आहेत अशी श्रद्धा आहे, आणि इस्रायलमध्ये स्थायिक झालेली कुटुंबं आजही तिथे येतात.

ज्यू कोण, हे कोणी ठरवायचं, हा प्रश्न सर्टिफिकेटच्या जवळजवळ प्रत्येक कोर्सात येतो. त्याचं एक ठळक उदाहरणही याच समाजाचं. १९६२ मध्ये इस्रायलच्या मुख्य रब्बींनी बेने इस्रायलींच्या विवाहांसाठी वंशाची चौकशी लावली. अपमान झालेली मराठी बोलणारी कुटुंबं जेरुसलेममध्ये धरणं धरून बसली. १९६४ च्या ऑगस्टमध्ये तिथल्या संसदेने, बेने इस्रायली सर्व अर्थांनी ज्यूच आहेत असं जाहीर केलं. महाराष्ट्रात ज्यूंना अल्पसंख्याकांचा दर्जा मिळाला तो २०१६ मध्ये. इस्रायलमधून 'मायबोली' हे मराठी नियतकालिक याच लोकांनी काढलं.

हाईम किहीमकरांनी १८९७ मध्ये आपल्या समाजाचा इतिहास इंग्रजीत लिहून पूर्ण केला. तो छापला गेला १९३७ मध्ये, तेल अवीवला. मराठीतल्या साहित्याची वाट अजून लांब आहे. राजपूरकरांचं भाषांतर किंवा एखादं जुनं आख्यान नीट वाचायचं तर हिब्रू हवी, एकोणिसाव्या शतकातली छापील मराठी हवी, मिशनऱ्यांच्या बायबलातली शब्दकळा ओळखता यायला हवी, आणि कीर्तनाची रीतही माहीत हवी. अमेरिकेतल्या विद्यार्थ्याला त्यासाठी मराठी मुळापासून शिकावी लागते. मॅडिसनमध्येच दक्षिण आशियाई भाषांचे उन्हाळी वर्ग भरत आले आहेत, आणि त्यांत मराठीही शिकवली गेली आहे.

पुण्या-मुंबईच्या मुलांना मराठी येतेच, त्यांना फक्त हिब्रू शिकावी लागेल. नव्या धोरणात आपल्या महाविद्यालयांनाही मुख्य विषयाला मायनर जोडता येतं. एक कोर्स हिब्रू लिपी आणि वाचनाचा, एक कोकण किनाऱ्यावरच्या व्यापाराचा, एक मराठीतल्या ज्यू ग्रंथांचा, आणि एक पूर्ण सत्र पेण, रेवदंडा, अलिबाग, मांडवी आणि माझगावला जाऊन म्हाताऱ्या गायकांची गाणी ध्वनिमुद्रित करण्याचं. हे शेवटचं सर्वांत आधी सुरू करायला हवं. भारतात आता काही हजारच ज्यू उरले आहेत, आणि मलिद्याची जुनी मराठी पदं पाठ असणारी पिढी सत्तरीच्या पुढे गेली आहे.